बरगड्यांमधला ठोका

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी जरा चाचरतच विचारलं, "म्हणजे सर, हार्ट अटॅकवरच बोलणार ना?" त्यांचं चुकलं नाही. हृदयाचा आजार म्हटला की आपल्यासमोर एकच चित्र येतं: छातीत कळ, दरदरून घाम, अँजिओग्राफी आणि 'ब्लॉकेज किती टक्के'. मी मात्र आज छातीच्या डाव्या बाजूला हाताला जो ठोका लागतो, त्याबद्दल बोलणार आहे, आणि हार्ट अटॅकबद्दल तो ठोका जवळजवळ काहीच सांगत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीनही नळ्या अरुंद झाल्या असतील, तरी हात ठेवल्यावर ठोका अगदी नीटस लागू शकतो. उद्या काय होईल, याचं भाकीत त्यात नाही. त्यात असतो तो गेल्या कित्येक वर्षांचा हिशेब. या हृदयाला कशाविरुद्ध आणि किती जोर लावावा लागला, कोणत्या कप्प्यावर ओझं पडलं आणि ते सोसताना स्नायू जाड झाला की कप्पाच ताणला गेला, हे त्यावरून कळतं. आपल्या देशात रक्तदाबानं आणि झडपांच्या आजारानं वर्षानुवर्षं खंगणारी जी हृदयं आहेत, त्यांची हकिकत इथे सापडते. ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या दवाखान्यात बराच काळ कार्डिओग्रामचं यंत्रही नव्हतं. तेव्हा हा विषय त्यांना परका वाटला नसता.

आधी हा ठोका शोधायचा कसा ते सांगतो. छातीच्या मधल्या हाडावरून बोट वरून खाली आणलं की एक उंचवटा लागतो, त्याला लुईचा कोन म्हणतात. दुसरी बरगडी तिथेच जोडलेली असते. तिच्याखालची जागा दुसरी, आणि तिथून मोजत पाचव्या जागेपर्यंत उतरायचं. डाव्या कॉलरबोनच्या मध्यातून एक उभी रेघ खाली येते असं धरा. या रेघेच्या किंचित आत, पाचव्या जागेत, मोठ्या माणसाचा ठोका लागतो. डॉक्टर त्याला 'एपेक्स बीट' म्हणतात. सर्वांत खाली आणि सर्वांत बाहेर जिथे ठोका स्पष्ट लागतो ती ही जागा. सात-आठ वर्षांखालच्या मुलांत तो एक जागा वर, चौथ्या जागेत आणि जरा बाहेर असतो. गरोदरपणात पोट वाढून छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर सरकला की ठोकाही वर आणि बाहेर जातो. यातलं काहीच आजाराचं लक्षण नाही.

हात ठेवायचीही एक रीत आहे. आधी पूर्ण तळहात सपाट ठेवायचा, म्हणजे छातीवर कुठे आणि किती हालचाल आहे याचा अंदाज येतो. मग बोटांची टोकं, आणि शेवटी एकच बोट. उताणं झोपलेल्या कितीतरी प्रौढ माणसांत ठोका लागतच नाही. त्यांना डाव्या कुशीवर वळवून श्वास सोडायला सांगितलं की बहुतेकदा लागतो. अर्थात कुशीवर वळल्यावर हृदय थोडं सरकतं, त्यामुळे जागा मोजायची ती उताण्या स्थितीत. कुशीवर पाहायची ती ठोक्याची रुंदी आणि त्याचा जोर. रुंदी तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली तर डावा खालचा कप्पा मोठा झाल्याची शंका घ्यावी. स्त्री रुग्ण असेल तर परवानगी विचारणं, सोबत नर्स किंवा घरातली बाई असणं, आपण काय करतोय ते आधी सांगणं, हे सगळं तपासणीतच मोडतं. आमच्याकडे कितीतरी बायकांची छाती पदरावरूनच तपासली जाते, संकोचापोटी किंवा घाईपोटी, आणि त्यांच्या केसपेपरवर तरीही 'हृदय नॉर्मल' असं लिहिलेलं असतं.

वैद्यकीय परीक्षेतली एक गंमत इथे सांगायलाच हवी. 'लाँग केस' मांडताना विद्यार्थी ठोक्याची जागा पाढे म्हटल्यासारखी म्हणतो: पाचवी जागा, मिडक्लॅव्हिक्युलर लाइनच्या अर्धा इंच आत. रुग्ण जाड असो, बारीक असो, ठोका लागो न लागो, अर्धा इंच म्हणजे अर्धाच इंच. म्हणूनच काही खडूस परीक्षक हृदय उजवीकडे असलेला रुग्ण मुद्दाम परीक्षेला ठेवत. शरीरातले सगळे अवयव आरशातल्यासारखे उलट्या बाजूला असलेली माणसं साधारण दहा हजारांत एक असतात आणि त्यातली बरीचशी ठणठणीत आयुष्य जगतात. अशा रुग्णाच्याही डाव्या छातीत, अर्धा इंच आत, ठोका 'लागल्याचं' सांगणारे विद्यार्थी निघतातच.

आता मुळात हा ठोका येतो कशाने? प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर मिळायला फार काळ गेला. हृदय फुगतं तेव्हा ते छातीवर आदळतं, अशी जुनी समजूत होती, आणि ती पटण्याजोगीही आहे. इंग्लंडच्या विल्यम हार्वेनं १६२८ साली फ्रँकफर्टला छापलेल्या आपल्या छोट्या पुस्तकात हे उलटं करून टाकलं: हृदय आकुंचन पावतं, आवळून ताठ होतं, त्याच क्षणी ते छातीला धडकतं. जिवंत प्राण्यांच्या उघड्या छातीत त्यानं हे पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. पण माणसाच्या बाबतीत त्याला जी संधी मिळाली ती जवळपास अविश्वसनीय होती.

आयर्लंडच्या व्हायकाउंट माँटगोमेरी यांच्या थोरल्या मुलाचा लहानपणी अपघात झाला. पडून डाव्या बरगड्या मोडल्या, आत पू झाला, तो बाहेर आला, आणि जखम भरली तरी छातीत भोक तसंच राहिलं. मुलगा जगला, वाढला, अठरा-एकोणीस वर्षांचा झाल्यावर फ्रान्स आणि इटलीत फिरूनही आला. लंडनला पोचला तेव्हा त्याची गोष्ट राजा पहिल्या चार्ल्सच्या कानावर गेली होती. राजानं हार्वेला खरं-खोटं पाहायला पाठवलं. त्या तरुणानं मोठ्या खुशीनं छातीवरची पट्टी काढून दाखवली. हार्वेची तीन बोटं आणि अंगठा आत जाईल एवढी ती पोकळी होती, आणि तिच्या तळाशी काहीतरी मांसल, पुढेमागे हलणारं होतं. हे फुप्फुस तर नव्हे? हार्वेनं एक हात आत आणि दुसरा मनगटाच्या नाडीवर ठेवला. दोन्हींचा मेळ बसला, आणि हे हृदयच आहे याबद्दल शंका उरली नाही. आकुंचन पावताना ते बाहेर, हाताकडे येत होतं आणि सैल पडताना आत जात होतं. राजालाही त्यानं तो तरुण दाखवला आणि राजानंही हात लावून पाहिला. आणखी एक गोष्ट हार्वेनं टिपून ठेवली: हृदयाला हात लावल्याचं त्या तरुणाला कळत नव्हतं. डोळ्यांनी दिसलं तरच समजायचं. इतक्या भावभावनांचं घर मानलेला अवयव स्पर्शाला बधिर निघाला! ही हकिकत १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दुसऱ्या ग्रंथात आहे.

एवढं होऊनही वाद मिटला नव्हता. एकोणिसाव्या शतकातही पॅरिसमध्ये जुन्या मताचे कैवारी होतेच. शेवटी १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला शोव्हो आणि मारे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्यावर प्रयोग केला. मानेतल्या रक्तवाहिनीतून एक नळी हृदयात सोडली, दुसरा छोटा फुगा बरगड्यांच्या मधे बसवला, आणि दोन्हींच्या हालचाली फिरत्या कागदावर एकाखाली एक उमटवल्या. हृदयाच्या कप्प्यातला दाब चढतो त्याच वेळी छातीवरचा ठोका उठतो, हे आता कोणालाही कागदावर बघता येत होतं. घोडा हा सगळा वेळ उभा होता आणि नंतरही जिवंत राहिला. आज कॅथ लॅबमध्ये हृदयात नळी घालतात त्या तंत्राच्या पूर्वजांत हा घोडाही मोजायला हवा.

निरोगी हृदयाचा ठोका बोटाला क्षणभर लागतो आणि नाहीसा होतो, यामागचं कारण असं. आकुंचन पावताना डावा कप्पा नुसता लहान होत नाही, तो पिळल्यासारखा वळतो आणि पुढे येतो. आत रक्त भरलेलं असेपर्यंत तो छातीच्या भिंतीला टेकतो. रक्त महारोहिणीत सुटलं की आकार घटतो आणि तो मागे सरतो. म्हणजे ठोका आकुंचनाच्या पहिल्या भागापुरताच असतो. बोटाला तो दुसऱ्या आवाजापर्यंत, म्हणजे आकुंचन संपेपर्यंत टिकून लागला, बोट उचलून धरल्यासारखं वाटलं, तर काहीतरी बिनसलं आहे. कप्पा रिकामा व्हायला वेळ लागतोय, म्हणजे पुढे अडथळा आहे: एक तर महारोहिणीची झडप अरुंद झाली आहे, किंवा रक्तदाब अनेक वर्षं चढा राहिला आहे. या दोन्हींत स्नायू जाड होतो. मात्र ठोक्याची जागा सुरुवातीला बदलत नाही. कप्पा थकून ताणला जाऊ लागला, की मग ठोका खाली आणि काखेकडे सरकू लागतो. जागेवरच असलेला पण रेटणारा ठोका आणि सरकलेला ठोका, या दोहोंच्या मधे कितीतरी वर्षांची संधी असते. "बीपीची गोळी सुरू झाली की कायमची, म्हणून मी घेत नाही" असं सांगणाऱ्या माणसाच्या छातीवर हात ठेवल्यावर यातली किती वर्षं गेली याचा अंदाज येतो. दर वेळी मनगटावरून नाही येत.

रक्तदाबाचा विषय निघालाच आहे तर मुंबईचं एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवरचा निबंध प्रसिद्ध केला. वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांना हे आपल्याकडचं मूळ देऊन त्यांनी काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या होत्या. पुढे त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरलं गेलं. १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधा वैद्यांना आधीपासून माहीत होती. वकिलांनी तिच्याबद्दलचा दावा मोजून दाखवला, आणि मला त्यांचं मोठेपण त्यात वाटतं.

अडथळ्याऐवजी ओझं रक्ताच्या मात्रेचं असेल, तर ठोका वेगळा लागतो. झडप गळत असली की प्रत्येक वेळी थोडं रक्त उलट फिरतं आणि तेच रक्त हृदयाला पुन्हा ढकलावं लागतं. मग ठोका जोरदार, पसरट, पण झटक्यात संपणारा असतो, आणि तो लवकर बाहेर सरकतो. बारीक माणसात छातीची डावी बाजू उडताना नुसत्या डोळ्यांनीही दिसते. पण जोरदार ठोका म्हणजे झडप खराब, असं समीकरण मांडू नका. रक्त कमी असलं, थायरॉइड वाढलं, ताप आला, घाबरगुंडी उडाली, तरी छाती अशीच उडते. "छातीत धडधडतं" म्हणून येणाऱ्या आपल्याकडच्या बायकांपैकी अनेकींच्या धडधडीचं कारण हिमोग्लोबिनच्या आकड्यात असतं. त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहण्याआधीच कोणी त्यांना इकोला पाठवू नये.

आणि आता ज्या ठोक्यानं मला विद्यार्थिदशेत खिळवून ठेवलं, तो. लहानपणी घसा दुखतो, दुर्लक्ष होतं. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात, आज हा सांधा, उद्या तो. ताप येतो, जातो. हा ऱ्हुमॅटिक ताप. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढायला उभी राहिलेली शरीराची फौज आपल्याच झडपांवर उलटते. सांधे पूर्ण बरे होतात, झडपा नाही. डाव्या बाजूची, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली मायट्रल झडप हळूहळू चिकटत, आखडत जाते. युरोपात हा आजार दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांबरोबर मागे पडला. आपल्याकडे विशी-पंचविशीतल्या मुलींमध्ये तो आजही भेटतो, आणि पुष्कळदा पहिल्या बाळंतपणात, कारण गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं आणि अरुंद दारातून ते जाऊ शकत नाही. घरचे म्हणतात, "पोटुशी आहे, दम लागणारच." या मुलीच्या छातीवर हात ठेवला तर ठोका सरकलेला नसतो, रेटणाराही नसतो. टकटक अशी एक छोटी, कोरडी टिचकी लागते. खरं पाहता हाताला लागतो तो हृदयाचा पहिला आवाजच: ताठ झालेली झडप जोरानं मिटते, तिचा. खालचा कप्पा तर पुरेसा भरतच नाही, त्यामुळे तो मोठा होण्याचा प्रश्न येत नाही.

तोच हात जरा सरकवून हृदयाच्या टोकावर हलका टेकवला, तर कधी एक थरथर जाणवते. फ्रान्समध्ये कॉर्व्हिसार या नेपोलियनच्या वैद्यानं ही थरथर हेरली आणि लेनेकनं तिला मांजराच्या गुरगुरीची उपमा दिली. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या माणसानं हातानं कळणाऱ्या गोष्टीलाही इतकी चपखल उपमा द्यावी, याचं मला कौतुक वाटतं. आणि तळहाताची कड मधल्या हाडाच्या डावीकडे दाबली, तिथे हात वर उचलला जाऊ लागला, तर उजवा कप्पाही ओझ्याखाली आला, म्हणजे फुप्फुसातला दाब वाढला. एवढ्यावरून, काही मिनिटांत, झडप कोणती, आजार किती पुढे गेला आणि उशीर करायला वेळ आहे की नाही, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

१९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर या शल्यविशारदानं अशाच एका तरुण मुलीच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातून आत बोट घालून झडप मोकळी केली. मुलगी वाचली. पण त्याच्याकडे दुसरा रुग्ण कोणी पाठवलाच नाही, कारण दोष झडपेत नसून स्नायूत आहे, असं त्या काळचे फिजिशियन मानत. तेवीस वर्षांनी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये ही शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाली. आता तर जपानच्या इनोऊए यांच्या फुग्यानं, मांडीतल्या शिरेतून, टाके न घालता ती झडप उघडता येते. आणि ती आखडूच नये म्हणून, एकदा ऱ्हुमॅटिक ताप आलेल्या मुलाला आपण '२१ दिवसांचं इंजेक्शन' म्हणतो ते पेनिसिलिन वर्षानुवर्षं न चुकता द्यायचं. दुखरं इंजेक्शन आहे. मुलं पळून जातात, आया दमतात, आणि मधेच सुटलेल्या त्या इंजेक्शनांचा हिशेब पुढे बाळंतपणात द्यावा लागतो.

ठोका लागलाच नाही तर? बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की छाती जाड आहे किंवा ठोका नेमका बरगडीच्या मागे आहे. पण चुलीच्या धुरात पन्नास वर्षं काढलेल्या आजीच्या फुगलेल्या फुप्फुसांखाली हृदय झाकलं जातं. तिचा ठोका छातीऐवजी पोटाच्या वर, बरगड्यांच्या कमानीखाली लागतो, आणि तो उजव्या कप्प्याचा असतो. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठलं तरी ठोका हरवतो. आणि ठोका सरकला म्हणजे हृदय वाढलंच असंही नाही. उजवीकडे फुप्फुसाबाहेर पाणी साचलं तर ते हृदयाला डावीकडे ढकलतं. जुन्या टीबीनं डावं फुप्फुस आकसलं तर ते हृदयाला आपल्याकडे ओढून घेतं. म्हणून एपेक्स पाहणारा हात गळ्यातली श्वासनलिकाही तपासतो. दोन्ही एकाच बाजूला गेले असतील तर दोष हृदयात नसून फुप्फुसात आहे.

नाडीशी ठोक्याचं नातं एका ठिकाणी तुटतं, तेही सांगून टाकतो. वरचे कप्पे बेशिस्त थरथरू लागले, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, की काही ठोके इतके लवकर पडतात की हृदय भरलेलंच नसतं. छातीवर तो ठोका ऐकू येतो, पण मनगटापर्यंत पोचत नाही. दोन नर्स एकाच घड्याळावर, एक छातीवर आणि एक मनगटावर, पूर्ण मिनिटभर मोजतात. छातीवर ११० आणि मनगटावर ८६, असा फरक निघतो. डिजॉक्सिनची गोळी देण्याआधी छातीवरचे ठोके मोजायचे, ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचं, हा वॉर्डातला जुना नियम आहे. तो पाळणाऱ्या सिस्टरांनी किती जीव वाचवले, याची नोंद कुठेच नाही.

मी यंत्रांचा द्वेष्टा नाही. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी जहाजबांधणीत धातूतल्या भेगा शोधायला वापरत ते अल्ट्रासाउंडचं यंत्र आणून हृदयावर लावलं आणि इकोचा जन्म झाला. हातानं जे निव्वळ ताडलं जातं ते इको मिलिमीटरमध्ये दाखवतो. हात आणि इको यांच्यात वाद झाला तर मी डोळे मिटून इकोच्या बाजूनं उभा राहीन. पण इको काढायला कोणाला पाठवायचं, हे इको सांगत नाही. शहरात छातीत जरा टोचलं की माणूस स्वतःच इको करून येतो. तालुक्याच्या ठिकाणी मात्र ज्याला खरी गरज आहे त्याचं नाव पुढे यायला कोणाचा तरी हात आधी छातीवर पडावा लागतो.

शाळांचंच घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला झाली. फिरती पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. जन्मजात हृदयदोष आणि ऱ्हुमॅटिक हृदयरोग, दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. या पथकातले डॉक्टर बहुतेक आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात, आणि त्यांना तपासायला मिळते ती जागा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. शेजारच्या वर्गात पाढे चाललेले, अंगणात कबड्डी, पलीकडे खिचडीचा कुकर. अशा गोंगाटात स्टेथोस्कोपमधून बारीक मर्मर ऐकणं पुण्या-मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञालाही जमणार नाही. स्पर्शाला शांतता लागत नाही. मुलांची छाती पातळ असते, ठोका पटकन सापडतो, थरथर असली तर लगेच कळते. शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या छातीवर तळहात पाच-दहा सेकंद ठेवायचा. ठोका कॉलरबोनच्या रेघेच्या बराच बाहेर किंवा सहाव्या जागेत गेलेला, हाताखाली गुरगुर, मधल्या हाडाच्या डावीकडे उचल, छातीची डावी बाजू उजवीपेक्षा फुगलेली, किंवा ठोका चक्क उजवीकडे: यातलं काहीही आढळलं की त्या मुलाचं नाव वेगळ्या कागदावर लिहायचं आणि त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात इकोला पाठवायचं, सोबत त्याच्या आईला कारण समजावून सांगायचं. पथकातल्या डॉक्टरांसाठी यातलं प्रात्यक्षिक एका दुपारी होऊ शकतं. मी आणि माझे काही निवृत्त सहकारी ते करायला तयार आहोत. तालुका आरोग्य अधिकारी आज सभागृहात आहेत, तारीख त्यांनी सांगावी.